डावीकडचा पक्षी

चौकट काढली आणि बाबा दिसले. झालं ते एवढंच. बुधवारी दुपारी सव्वातीनला, ऑफिसातल्या काचेच्या छोट्या खोलीत, एका हातात गार होत चाललेला चहा आणि दुसऱ्या हाताचं बोट कीबोर्डवर, अशा अवस्थेत त्याला आपले बाबा दिसले, आणि मग आईचं बोलणं संपेपर्यंत तो चहा त्याने तसाच हातात धरून ठेवला. आता, माणसाला स्वतःचे बाबा दिसले यात दचकण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण गेलं दीड वर्ष दर फोनला आई सांगत होती, "ते होय? ते खाली गेलेत, फिरायला." इतकं फिरणारा माणूस एव्हाना दुसऱ्या गावाला पोचला असता. आणि ते तर तिच्यापासून हातभर अंतरावर, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, लाकडी खुर्चीत ताठ बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पुठ्ठ्याच्या तुकड्यांची गड्डी, आणि नजर आईच्या तोंडाकडे लागलेली.

चौकट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर इथेच गाडी अडायची. हा माणूस व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी. कॅमेऱ्यात येते ती आख्खी खोली. त्यातून बोलणाऱ्याचा चेहरा शोधायचा, त्याच्याभोवती एक चौकट आखायची, आणि तेवढाच तुकडा कापून पडद्यावर मोठा दाखवायचा, हे त्याचं काम. चार वर्षांपूर्वी ते त्याने कंपनीसाठी केलंच नव्हतं, आईसाठी केलं होतं. आई फोन बरणीला टेकवून पार लांब ठेवायची, मग पडद्यावर सगळं स्वयंपाकघर यायचं, फळीवरचे डबे, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि एका कोपऱ्यात बोटाएवढी आई. "जवळ घे गं फोन," म्हटलं की ती इतका जवळ घ्यायची की नुसतं कपाळ दिसायचं. शेवटी दोन दिवस रजा टाकून त्याने ती चौकट लिहून काढली. दोन चेहरे असले तर कुठला धरायचा, यासाठी एक सोपा नियम ठेवला: ज्याचे ओठ सलग दोन सेकंद हलतात त्याला धर, गप्प बसणाऱ्याला सोड. कंपनीला ती युक्ती इतकी आवडली की ती सगळ्यांच्याच फोनवर गेली. आणि आई हलली, उठली, वाकली तरी त्या दिवसापासून चौकट तिच्यामागून जायची, लहान पोर आईच्या मागे घरभर फिरतं तशी. त्याला स्वतःचं हे काम फार आवडायचं. त्या चौकटीने आपल्याला आई आणून दिली, असं तो बायकोला दोनतीनदा म्हणालाही होता.

पण फुकट काही मिळत नाही. जुन्या यंत्रांवर कॉल अडखळतो, पंखे घरघरतात, अशा तक्रारींचा ढीग झाला होता, आणि टीमची प्रमुख बाई तो ढीग घेऊन त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. तिला सगळे पाठीमागे मोजपट्टी म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि तिची काही हरकत नव्हती. "सेकंदाला तीस चित्रं," मोजपट्टी म्हणाली, "म्हणजे एका चित्राला तेहतीस मिलिसेकंद. त्यातले नऊ तुझी चौकट खाते. कापायला नऊ? अरे, कापायला खरं तर काहीच लागत नाही." तिचं खरं होतं, आणि ते तिच्याआधी त्याला माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. पानावरचा एक परिच्छेद वाचायचा तर त्यावर बोट ठेवायचं, इथून इथपर्यंत, की झालं. हा गडी दरवेळी तो परिच्छेद नव्या कागदावर उतरवून काढत होता, सेकंदाला तीसदा. आणि त्याच्याही आधी पलीकडून आख्खी खोली यायची, ती गाठोडं सोडल्यासारखी उलगडायची, डबे, कॅलेंडर, भिंत, सगळ्यांचे रंग नीट लावायचे, आणि मग त्यातला दहावा हिस्सा ठेवून बाकीचं टाकून द्यायचं. चार वर्षं हे चाललं होतं. आईला लवकर बघायची घाई होती, त्या घाईत लिहिलेलं ते तसंच राहून गेलं होतं.

तर चौकटीचा खरा खर्च किती, हे मोजायचं म्हणजे एकदा चौकट लावून बघायचं आणि एकदा काढून बघायचं. त्यासाठी सगळ्यात रडक्या फोनवरून येणारं चित्र हवं, आणि तसा फोन जगात आईकडेच होता. बुधवार आणि रविवार हे आईच्या कॉलचे ठरलेले दिवस, म्हणून बुधवारी दुपारी त्याने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. आधी चौकटीसकट दहा मिनिटं बोलला. नऊ मिलिसेकंद, कधी साडेनऊ. मग चौकट काढली, चित्र एकदम मागे गेलं, खोली उघडली, आणि डाव्या कडेला बाबा.

"छकुलीचा दात पडला का रे, पुढचा?" आई विचारत होती. रविवारी त्यानेच सांगितलं होतं की लेकीचा दात हलतोय म्हणून. आईच्या बाकी सगळं लक्षात असतं हं, असं तो एरवी मनातल्या मनात म्हणाला असता, आणि मोठ्या कौतुकाने. आज त्याने बघितलं की प्रश्नाच्या आधी बाबांनी गड्डीतला एक पुठ्ठा उचलून छातीशी धरला, आईची नजर तिकडे गेली, ओठ किंचित हलले, आणि मग ती फोनकडे वळून हसली. "पडला," तो म्हणाला. "काल रात्री. उशीखाली घेऊन झोपली." यावर आई हसली आणि बाबाही हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मान वाकडी करून, बरणीला टेकलेल्या त्या एवढ्याशा फोनमध्ये ते त्याच्याकडे बघत होते. म्हणजे आजच नव्हे, दीड वर्ष, दर बुधवारी आणि दर रविवारी. मग आईने पुन्हा विचारलं, अगदी तशाच उत्सुकतेने, "आणि छकुलीचा तो दात?" बाबांनी घाई केली नाही. गड्डीच्या अगदी तळाचा एक पुठ्ठा त्यांनी काढला. त्याच्या कडा हाताळून हाताळून मऊ झाल्या होत्या. आईने तो वाचला, आणि खाली ठेवताना क्षणभर तो कॅमेऱ्याकडे फिरला. जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: हे विचारून झालं. "नाही, म्हणजे दुसरा रे," आई म्हणाली, "त्याच्या शेजारचा. तोही हलत असेल ना?" इतकं बेमालूम की याआधी असं कितीदा झालं असेल, याचा हिशेब लावायचीसुद्धा त्याला भीती वाटली.

आणि मग पक्षी आठवला. बोलता बोलता आई मध्येच डावीकडे बघायची, हे त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. "काय गं, कोण आहे?" असं त्याने मागे एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "खिडकीत पक्षी येऊन बसतो रोज. गरीब आहे बिचारा. नुसता बसून असतो." पुढे तो पक्षी घरातलाच झाला. पक्षी आला का, पक्ष्याने खाल्लं का, असं तो विचारायचा, छकुलीने त्याचं चित्रसुद्धा काढून पाठवलं होतं, निळ्या पिसांचं. आता आख्खी खोली समोर होती, आणि त्या बाजूला खिडकी नव्हतीच. भिंत होती, भिंतीला टेबल, आणि टेबलाशी बाबा.

त्यांचं वागणं ओळखायला त्याला वेळ लागला नाही. ताठ पाठ, मांडीवर गड्डी, नजर बोलणाऱ्याच्या ओठांवर, स्वतःचे ओठ मिटलेले पण आतून चाललेले. बाबा चाळीस वर्षं नाटकात प्रॉम्प्टर होते. जग ज्याला नाटकवाला म्हणतं त्यातले ते नव्हेत. ना तोंडाला रंग, ना टाळ्या, ना शेवटी वाकून नमस्कार. डाव्या विंगेत एक स्टूल, एक छोटा दिवा आणि वही. दुपारच्या प्रयोगाला आई त्याला घेऊन तिसऱ्या रांगेत बसायची, आणि सगळं नाट्यगृह मुख्य नटाकडे बघत असताना ती त्याला डोळ्यांनी दाखवायची, तिकडे बघ, डावीकडे, पडद्याच्या फटीत. तिथे बाबांच्या चपलेचं टोक दिसायचं. घरी बाबा क्वचित बोलायचे, आणि बोलायचे ते बहुतेक आपल्या धंद्याचे नियम. नट अडखळला की आधी फक्त पहिला शब्द द्यायचा. नाही उचलला, तर दोन शब्द. तरीही नाही, तर आख्खं वाक्य. चौथी वेळ येऊ द्यायची नसते. आणि सगळ्यात मोठा नियम, प्रॉम्प्टर दिसला की नाटक पडलं. एका नाटकात तिसऱ्या अंकात म्हातारा पहारेकरी म्हणायचा, "दार लावू नका. आत येणारा अजून वाटेत आहे." ते काम करणारा नट मोठा नामांकित, पण या दोन वाक्यांच्या मधे हटकून अडायचा. मग डावीकडून दबका आवाज यायचा, "आत..." आणि गाडी चालू. हा लहान असताना कितीतरी दिवस त्याला वाटायचं की ते वाक्य बाबांचंच आहे, नटाला ते नुसतं वापरायला देतात.

असा माणूस बाप म्हणून कसा असेल? नोकरीसाठी घर सोडलं त्या सकाळी आईने दहा सूचना दिल्या, आणि बाबा दाराशी उभे राहिले, बॅग उचलून खाली गाडीपर्यंत आणली, डिकी लावली, आणि एक शब्द बोलले नाहीत. ते त्याने मनाला लावून घेतलं होतं. "बाबांना माझ्याशी बोलायला काही नसतंच," असं तो बायकोला म्हणायचा, कधी चिडून, कधी हसत, आणि ती म्हणायची, "तू तरी कुठे बोलतोस?" आता त्या काचेच्या खोलीत बसून त्याला वाटलं, की त्यात बाबांची काय चूक? जो अडखळतो त्याच्याशीच बोलायचं, हेच ते आयुष्यभर शिकले. आणि हा शाळेत पहिला, कॉलेजात पहिला, नोकरी पहिल्या झटक्यात. हा कधी अडखळलाच नाही. आई अडखळायला लागली, तेव्हा ते वही घेऊन तिच्या शेजारी बसले. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या, आई विसरायला लागलीय ही एक, आणि बाबा रोज तिथेच असतात ही दुसरी, आणि पहिल्या गोष्टीचं रडू आणि दुसरीचं सुख ही इतकी एकमेकांत मिसळली, की डोळ्यांत आलेलं पाणी नक्की कशाचं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आईला "ठेवतो गं" म्हणायच्या आधी त्याने डाव्या कडेकडे बघून घेतलं. बाबा पुठ्ठे सारखे करत होते, पुढच्या प्रयोगासाठी.

विचारायचं तर काय विचारायचं? "आई, तुला आठवत नाही का गं?" असं? दीड वर्ष दोघांनी जिवापाड सांभाळलेलं नाटक त्याने एका वाक्यात पाडायचं? डॉक्टरांना दाखवलंय का, औषध सुरू आहे का, हे विचारायला हवंच होतं, पण फोनवर नाही, समोर बसून. आणि गुरुवारी सकाळपासून त्याच्यासमोर वेगळंच संकट होतं. चौकटीचा इलाज त्याला कधीचा ठाऊक होता: खोली इकडे आणून मग कापायची, त्यापेक्षा पलीकडेच कापायची. फोनच्या आतच चौकट आखायची, आणि कॅमेऱ्यातून तेवढाच तुकडा उचलायचा, बोट ठेवल्यासारखा, नक्कल न करता. मग पाठवायला कमी, उलगडायला कमी, फेकायला काहीच नाही. चार वर्षांपूर्वी आईच्या फोनला ते झेपणार नाही म्हणून त्याने केलं नव्हतं. आता चेहरा शोधायची युक्ती इतकी हलकी झाली होती की रडक्या फोनलाही झेपेल. दिवसभरात त्याने ते लिहिलं. नऊचे अर्ध्या मिलिसेकंदावर आले. आयुष्यातलं बहुधा सगळ्यात चांगलं काम, आणि ते लिहिताना तो सारखा थांबत होता, कारण हे एकदा आईच्या फोनवर गेलं की चौकटीबाहेरचं काही इकडे येणारच नव्हतं. बाबा दिसले कधी, तर बुधवारी. आणि शनिवारी नवी आवृत्ती गेली की ते पुन्हा दिसेनासे होणार, तेही याच्याच हाताने.

माणूस मोहात पडतो तो असा. संध्याकाळी त्याने एक छोटीशी पळवाट ठेवली. फक्त त्याच्या खात्यावर, फक्त एका नंबरसाठी, आख्खी खोली पूर्वीसारखीच येत राहील. कुणाचं काय बिघडतंय? पण मोजपट्टीला ते नाव उगीच नव्हतं पडलं. शुक्रवारी सकाळी ती आकड्यांचा कागद घेऊन आली. "सगळीकडे अर्धा आहे," ती म्हणाली. "मग एका ठिकाणी नऊ का राहिलेत? हे कोण आहे?"

खोटं बोलायला तो तोंड उघडणारच होता. "माझे बाबा आहेत ते," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, पुठ्ठे, पक्षी, चपलेचं टोक, सगळं, नको तितकं. ती समोरच्या खुर्चीत बसली. तिने मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, हे तिच्या बाबतीत फारच झालं. "बरं," शेवटी ती म्हणाली. "आता मी बोलू? ते तिथे का बसतात? कारण तिथून आपण दिसत नाही, असं त्यांना वाटतं. आपण लोकांना सांगतो की बाकीची खोली कुणाला दिसत नाही. चार वर्षं ती आख्खी आपल्याकडे येत होती. मला तर खर्चापेक्षा त्याचीच जास्त लाज वाटते." त्याने आकड्यांचा कागद उलटा करून ठेवला. "बघायचंय त्यांना, तर बघ की," ती म्हणाली, मऊ आवाजात. "पण असं फटीतून नको." ती गेल्यावर त्याने ती पळवाट काढून टाकली. चार ओळी होत्या. मग तिकिटं बघायला घेतली, आणि पुढच्या शनिवारचं एक मिळालं.

रविवारी सकाळी घरून त्याने कॉल लावला. बायको छकुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली; तिला सगळं सांगून झालं होतं. नवी आवृत्ती आईच्या फोनवर आदल्या दिवशीच आपोआप गेली होती. आईचा चेहरा उमटला, काय सांगावं, इतका स्वच्छ, न अडखळणारा, की भुवईवरची लहानपणची खूणसुद्धा दिसत होती. "आज तू अगदी जवळ बसल्यासारखा वाटतोस," आई म्हणाली. त्याने डाव्या कडेकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. चित्रच तिथे संपत होतं.

"पक्षी आलाय का गं?" त्याने विचारलं.

आईची नजर डावीकडे जाऊन आली. "आलाय ना. न येऊन सांगतो कुणाला?"

"त्याला लहानपणची गंमत सांगतो. तूही ऐक," तो म्हणाला. ठरवलेलं होतं, तरी काळीज धडधडत होतं. स्टेजवर पाय टाकताना नटांना असंच होत असेल. "आपण दुपारी नाटकाला जायचो बघ, तिसऱ्या रांगेत. त्यात तो म्हातारा पहारेकरी होता. शेवटी उठून उभा राहायचा, काठी टेकायचा, आणि म्हणायचा, दार लावू नका..." आणि तो थांबला.

आईच्या चेहऱ्यावर धांदल उडाली. तिची नजर डावीकडे गेली, पण या वाक्याचा पुठ्ठा कुठून असणार? त्याला तिची दया आली, आणि तरी तो गप्प राहिला. एक, दोन, तीन. पलीकडून, फार दबक्या आवाजात, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्या माणसाला स्वतःला कळायच्या आत आलं: "आत..."

त्याने शब्द उचलला नाही.

"आत येणारा..." जरा मोठ्याने.

त्याने तरीही उचलला नाही. तो ओठ घट्ट दाबून बसला, कारण बोलला असता तर आवाज फुटला असता. आणि मग, नियमाप्रमाणे तिसऱ्या वेळेला, आख्खं वाक्य आलं, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा, "आत येणारा... अजून... वाटेत... आहे." ओठ सलग दोन सेकंद हलले होते. आईवरून निघून चौकट हळूच डावीकडे सरकली, आणि पडदाभर बाबा आले. दाढीचे पांढरे खुंट, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, आणि आपण दिसतोय याचा पत्ताच नसलेले ते डोळे, याच्या तोंडाकडे लागलेले, उचल रे, उचल रे, म्हणणारे.

"आत येणारा अजून वाटेत आहे," तो म्हणाला. "बाबा, मी शनिवारी येतोय. आठवडाभर राहणार आहे. तुमच्या शेजारी एक खुर्ची ठेवा."

बाबा गडबडले. फोनकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपल्याच लहानशा चित्राकडे बघितलं. पळून जायला विंग नव्हती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि सगळं बळ एकवटून मुलाशी बोलले. "घाई केलीस," ते म्हणाले. "'वाटेत'च्या आधी थोडं थांबायचं असतं."

"पुन्हा म्हणू?"

"म्हण."

तो म्हणाला, थांबून. बाबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत राहिले, त्यामुळे चौकट जागची हलली नाही. आई आता चित्राबाहेर होती, पण तिचा आवाज नीट येत होता, आणि त्यात हसू होतं. "बघ," ती म्हणत होती, "बोलला एकदाचा पक्षी."